किरकोळ ऑपरेशन

परगावच्या मोठ्या हॉस्पिटलात टेलरमास्तरांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि सकाळपासून त्यांची बायको शिलाई मशीनशेजारच्या खाटेवर बॅग भरत होती. पुढून बटणं असलेले सैल सदरे, टॉवेल, रबरी चपला, थर्मास.

"अगं, किरकोळ आहे म्हणालीस ना? मग मी काय तिकडे संसार थाटायला चाललोय?" मास्तर हसत म्हणाले.

"असू दे. लागतं," एवढंच ती म्हणाली. एरवी तिनं त्यांची चांगलीच हजेरी घेतली असती. पण काल 'तुम्ही कशाला दगदग करता' म्हणत रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे मायलेकीच जाऊन आल्या होत्या, आणि तेव्हापासून घरात कुणाचा आवाज चढला नव्हता.

मशीनवर एक कोट अर्धवट पडला होता. "गिऱ्हाइकाला सांग, आल्या आल्या देतो म्हणावं," मास्तर मुलीला म्हणाले. तिनं मान हलवली आणि ती लगबगीनं आत गेली.

गाडी यायला अवकाश होता, म्हणून बायकोनं चहा आणून दिला. मास्तरांना मधुमेह निघाल्यापासून साखरेचा डबा तिनं कुलपात ठेवला होता. एकदा पाहुण्याच्या कपातला घोटभर चहा प्यायले, तर चारचौघांत त्यांना झापलं होतं.

मास्तरांनी घोट घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. ती बॅगेची लागलेली चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होती.



चहा गोड होता, आणि मास्तरांनी तो काही न विचारता संपवला.