जागेवरून उठताना

दुपारची वेळ होती. सर्वांसाठी खुल्या असलेल्या एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षा-पुस्तिकेत लोकांनी सुचवलेले बदल ती तपासत बसली होती. पलीकडच्या खोलीत आजारी आई झोपली होती.

कुणा अनोळखी माणसाने एकच ओळ बदलली होती. ‘जागेवरून उठताना कॉम्प्युटर लॉक करा’ याऐवजी आता तिथे होतं, ‘जागेवरून उठा’.

“अर्थाचा अनर्थ होतोय,” असा शेरा मारून तिने बदल नाकारला.

लगेच उत्तर आलं. ‘आई केव्हाची हाका मारतेय. मी एकटी कुठवर पुरी पडू?’

ती धावतच आईच्या खोलीच्या दारात पोचली.

आई जागी होती. तिचा हात पलंगाबाहेर, रिकाम्या खुर्चीच्या दिशेने, कुणीतरी अलगद धरून ठेवावा तसा अधांतरी होता.

“आई, हाका मारत होतीस? मला ऐकूच आलं नाही गं!”

“असं काय करतेस? पहिल्या हाकेलाच तर आलीस. पाणीसुद्धा पाजलंस,” आई समाधानाने म्हणाली. मग तिने दाराकडे नीट निरखून पाहिलं, आणि खुर्चीकडे वळून हळूच विचारलं,

“दारात ही कोण गं आलीय?”