सुरातली फट

"गिटारला दोष देऊ नको आल्हाद! फट तुझ्या बोटात आहे."

"मग तुम्हीच वाजवून दाखवा न सर ही. तारा एवढ्या उंच आहेत, खालून उंदीर जाईल."

योगेंद्र सर हसले नाहीत. विजय नगरातल्या त्यांच्या वरच्या खोलीत सकाळचे आठ वाजले होते. अकराला सिविल लाइंसच्या हॉलमध्ये निवड होती. पुण्याहून आलेल्या बाई अख्ख्या जबलपुरातून एकालाच घेणार होत्या. दोन वर्षं पुण्यात गिटार शिकणं, राहणं, जेवणं, सगळं फुकट. आल्हादनं दहावीत शाळा सोडली होती. हे हुकलं तर सोमवारपासून नेपियर टाउनात काकाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं, असं बाबांनी ठरवूनच टाकलं होतं.

"पुन्हा," सर म्हणाले.

उजव्या हातानं तार एकदाच छेडायची. पुढचे तीन सूर डाव्या हाताच्या बोटांनीच काढायचे, बोट तारेवर आपटून, मग ओढून सोडून. पहिला सूर विझायच्या आत दुसरा लागला पाहिजे, तेलाच्या धारेसारखा. आल्हादची धार दर वेळी एकाच जागी तुटायची.

"टुक," सर म्हणाले. "ऐकलं? गाडी गचके खाऊन राहिली."

"अन् चिन्मयी दीदीची नाही खात?"

"तिचं मी बघतो. तू तुझं बघ."

तिचंच तर बघता, आल्हाद मनात म्हणाला. तिची गिटार कोपऱ्यात काळ्या पेटीत उभी होती. मंगळवारी सरांनी स्वतः दुकानात उभं राहून तिच्या तारा खाली बसवून घेतल्या होत्या. नव्या तारा पण घातल्या. नायलॉनच्या नव्या तारेचा सूर दोन दिवस उतरत राहतो, म्हणून आधीच. त्याच्या वाट्याला आलेल्या क्लासच्या गिटारला कोणी बोट लावलं नव्हतं. परवा जिन्यात सर अन् दीदी कुजबुजत होते, अन् तो दिसला तसे दोघंही एकदम गप्प झाले. त्याला काय दिसत नव्हतं? दीदीचं नाव आधीच ठरलं होतं. त्याला फक्त खुर्ची भरायला बोलावलं होतं.

चिन्मयी चहा घेऊन वर आली. ती सरांची जुनी शिष्या, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. कप तिनं डाव्या हातानं दिला. उजवा हात जॅकेटच्या खिशात. आठवडाभर तो हात तिनं बाहेर काढला नव्हता. नखं जपून राहिली, त्यानं ताडलं. उजव्या हाताची नखं म्हणजे गिटारवाल्याचा जीव.

"काहून रे, तोंड पाडून बसला? मस्त वाजवशील तू आज."

"तुला काय जातं म्हणायला."

ती काहीतरी बोलणार होती. सरांकडे पाहिलं अन् खाली निघून गेली.

सरांचा फोन वाजला. "डाव्या हाताची नखं काप तोवर," गच्चीकडे जाता जाता ते म्हणाले. "नखं वाढली की बोट तारेवर नीट बसत नाही. नेलकटर टेबलावर आहे. अन् दीदीच्या गिटारला हात नको लावू, ट्यून करून ठेवली आहे."

सर परत आले तेव्हा आल्हाद खिडकीत बसून नखं कापत होता.

"अजून कापूनच राहिला? दहा मिनिटं झाली!"

"झालं सर." त्यानं नेलकटर पँटीला पुसला अन् टेबलावर ठेवला.

"चलो. तू ऑटोनं ये, गिटार मी आणतो."

आल्हाद हॉलवर पोचला तेव्हा सर अन् चिन्मयी व्हरांड्यात उभे होते. बाकावर एकच काळी पेटी.

"माझी कुठं आहे?"

"खोलीवर. ते खोकं इथं कशाला आणायचं?" सरांनी पेटी उघडली. "ही घे. तुझी बोटं आखूड आहेत, म्हणून तारा खाली बसवून घेतल्या."

"अन् दीदी?"

चिन्मयीनं उजवा हात खिशातून काढून त्याच्यासमोर धरला. पाचही नखं मुळापासून कापलेली.

"नर्सिंगला नंबर लागला माझा. तिथं नखं चालत नाहीत. मागच्याच आठवड्यात मी यातून नाव काढलं."

"तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी सराव सोडून हुंदडत बसला असता," सर म्हणाले. "ओळखतो मी तुला. वाजव आता. आज तू एकटाच आहेस आपला."

आल्हादनं गिटार घेतली. तिचं वजन त्याला एकदम जास्त वाटलं.

दार उघडलं. "आल्हाद कौन है? आइए, मैडम बुला रही हैं."

"थांब रे," चिन्मयी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पाच वर्षं माझ्या हातात होती ती. जायच्या आधी एकदा ऐकव न, तीच जागा."

आल्हादनं पहिल्या तारेखालून अंगठा फिरवला. खाली घोडीपाशी, तार बांधलेली असते तिथं, सकाळी त्यानं सरांच्या नेलकटरनं ती अर्धी कुरतडून ठेवली होती; ती खाच अंगठ्याला लागली.

"नाही दीदी," तो म्हणाला. "मला आता जायला पाहिजे."