गुलाबी अझेलिया

लिव्हिनानं नवऱ्याला बागेतल्या खुर्चीत बसवलं, हातात कॉफीचा कप दिला आणि समोरच्या पिवळ्याधमक झुडपाकडे बघत सांगून टाकलं, की अझेलिया फुललीय, अगदी गुलाबी.

धडधडीत खोटं, आणि तेही सलग तिसऱ्या मे महिन्यात. गेंट शहराजवळच्या त्यांच्या गावात तिच्या नवऱ्यानं, आशीलनं, आयुष्यभर अझेलियाची कलमं बांधून विकली. हे झुडूप मात्र त्यानं विकलं नाही. रानटी पिवळ्याच्या खुंटावर चढवलेलं हे गुलाबी वाण त्याचं स्वतःचं, जगात एकुलतं एक, बायकोला लग्नात दिलेलं. पानं झडली की दर हिवाळ्यात गुडघे टेकून तो खालच्या खुंटातून फुटणारे पिवळ्याचे धुमारे उपटायचा. मग त्याचे डोळे गेले. बुडातून तरारून आलेले धुमारे पाहून लिव्हिना बिचारी हरखली, त्यांनाच पाणी घालत बसली. ती बेकरीत पाव विकणारी, तिला काय ठाऊक! तीन-चार वर्षांत पिवळ्यानं गुलाबीचा घास घेतला. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर. डोळे गेले तेव्हा हा माणूस हूं की चूं बोलला नव्हता, पण हे कळलं तर पार खचेल.

दुपार सुस्तावली होती. मधासारखा दाट वास बागभर साचला होता, आणि बसल्या जागी तिचे डोळे मिटायला लागले होते.

"तीन वर्षं झाली ना तिला जाऊन?" आशील हलकेच म्हणाला.

"कुणाला?"

"गुलाबीला. तिला कधी वास नव्हता, लिव्हिना."

रंग सांभाळता सांभाळता वासाचा लिव्हिनाला विसरच पडला होता. मग तिनं रडत रडत सगळं सांगितलं. धुमारे, पाणी, सगळं. तो म्हणाला, मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तू सांगायचीस, तेव्हा ती मला दिसायची." आशील खुर्चीत मागे रेलला. "आज मात्र घाईत आटपलंस."

लिव्हिनानं नाक पुसलं. पिवळ्या फुलांकडे बघत ती सावकाश म्हणाली, "वरची फांदी आधी फुललीय. कडेला गडद, आत जरा फिकट..."