मालकांच्या हातून

वीरभद्रनं स्टेरिंगच्या दांड्याच्या जॉइंटचा बोल्ट सोडला, चाकांकडं जाणारे दोन्ही टाय-रॉड मोकळे केले आणि जीपच्या पोटातून जुनी स्टेरिंग रॅक ओढून काढली. काळं तेल त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं. आठ-दहा किलोचं ते लोखंड डावीकडून वाकलं होतं.

"खड्ड्यात आदळली," ड्रायव्हर व्यंकटी म्हणाला. "तवापासून लई जड चालून राहिली."

"हाव," वीरभद्र म्हणाला. त्या खड्ड्याचं नाव शिवलिंग होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचा धाकटा भाऊ.

महिन्यापूर्वी पाण्याच्या टँकरच्या रांगेत ह्याच गाडीनं शिवलिंगला हौदाच्या भिंतीवर चिरडलं होतं. पहाटेची वेळ, रांगेत दोघंच. दुसरी कोंडाबाई, गाडीमालक हणमंतरावांकडं धुणी-भांडी करणारी. भावाला माती देऊन वीरभद्र घरी आला, तेव्हा ती दारात येऊन रडली होती.

"मालकांच्या हातून झालं, दादा. कुणाला सांगू नका. माझं घर उघड्यावर पडंल."

वीरभद्रनं तोंड शिवून घेतलं. अख्ख्या देवणीत पॉवर स्टेरिंगला हात लावणारा तो एकटाच. गाडी आज ना उद्या येणारच होती.

नवी रॅक बसवताना जॉइंटचा बोल्ट ढिला ठेवायचं मनात आलंच. उदगीरच्या वाटेवर काम तमाम झालं असतं. पण चालवणार हा व्यंकटी. पोटासाठी चाकरी करणारा गरीब माणूस हकनाक मरायचा. वीरभद्रनं बोल्ट करकचून आवळला.

दुपारी हणमंतराव गाडी न्यायला आले. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून तिथं मोर्चा होता. प्यायला पाणी नाही, पण जिल्हा हवा!

"तुझ्या भावाचं लई वाईट झालं," ते म्हणाले.

"ह्याच गाडीनं झालं."

हणमंतरावांनी व्यंकटीकडं पाहिलं. व्यंकटीनं मान खाली घातली.

"गाडी माझी हाय," हणमंतराव सावकाश म्हणाले. "जे काय असंल ते माझ्यावर."

वीरभद्रला एवढंच ऐकायचं होतं. त्यानं जुनी रॅक दोन्ही हातांनी उचलली. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं साफ ऐकू आलं. हणमंतराव हात वर करून "ऐक, ऐक तरी" म्हणत होते. दुसरा घाव कानशिलावर. ते बोनेटवर आदळून खाली पडले. भावाचं नाव घेत वीरभद्र मारतच राहिला. सूडानं त्याला आंधळं केलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं.

तो थांबला तेव्हा कोंडाबाई भाकरीचं फडकं घेऊन गॅरेजच्या दारात उभी होती. तिनं पडलेल्या देहाकडं एकदा पाहिलं. मग फडकं टाकून ती तो देह ओलांडून धावली आणि भिंतीला चिकटलेल्या व्यंकटीपुढं हात पसरून उभी राहिली.

"माझ्या कुंकवाकडं बघा, दादा! आमच्या मालकांना मारू नका!"