मालनबाईचं सूत

सावेडीच्या दुकानातून आलेल्या पत्राला कानिफनाथने दिवाळीपासून उत्तर दिलं नव्हतं. पन्नास घोंगड्यांची मागणी होती. एवढं काम त्याच्या मागाला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. पण पुढे लिहिलं होतं: ऑस्ट्रेलियाशी करार झाल्यापासून तिकडच्या लोकरीवरचा आयातकर उठला आहे. तिचं गिरणीचं सूत आम्हाला स्वस्त पडतं. सूत आम्ही पाठवू, तुम्ही फक्त विणा. लेखी होकार पोस्टाने कळवा.

म्हणजे त्याच्या बायकोचा, मालनबाईचा चरखा बंद. लग्न होऊन आल्यापासून या घरातल्या प्रत्येक घोंगडीचं सूत तिनेच कातलं होतं. नकार दिला तर माग रिकामा, होकार दिला तर ती रिकामी. त्याने पत्र पंचांगात घालून ठेवलं होतं.

आज पंचांग काढताना ते तिच्याच हाती लागलं. वाचून दाखवावं लागलं. वाचताना त्याने मान वर केली नाही.

ते लोक सुताचा भाव किलोवर धरतात का, एवढंच तिने विचारलं. त्याने पत्रातला आकडा सांगितला.

"आन माझ्या सुताचा काय भाव हुता इतकी वर्सं?"

घोंगडीची किंमत सांगताना कानिफनाथ लोकर धरायचा, आपलं विणकाम धरायचा. त्याच्या वडिलांनीही तसंच धरलं होतं. कताई घरातली बाई करायची.

घेणारा नाही म्हणून मच्छिंद्र धनगर कातरलेली लोकर ओढ्यात टाकतो, ती आपण उचलू, म्हणजे लोकरीला पैसे पडणार नाहीत, असं ती म्हणाली. मग त्याच्यापुढे कागद सरकवला.

"लिवा. आमचं काळं सूत, तुमच्याच सुताच्या भावात. विनायची मजुरी येगळी."

"अगं, त्यांचं सूत मऊ असतं."

"आसंल. आमच्या घोंगडीतनं पाऊस आत येत न्हाई, ते बी लिवा."

त्याने लिहून वाचून दाखवलं. 'आमचं' हा शब्द खोडायला लावून तिने तिथे आपलं नाव घालायला लावलं.

मिरजगावच्या पोस्टापुढे, पेटीजवळ पोचल्यावर तो घुटमळला.

"न्हाई म्हनले तर?"

तिने पाकीट त्याच्या हातातून घेतलं.

"म्हनू द्या. कुनासाठी बी आता फुकट न्हाई कातनार."

आणि पाकीट पेटीत टाकलं.