पन्नास मिनिटांची थरथर

"आज सूर्याच्या पोटात शांतता. विमानांनी, उपग्रहांनी निर्धास्त फिरावं," एवढं रोजचं सकाळचं बातमीपत्र वाचून वत्सला खांबेटे माइकपासून उठल्या. एकतीस वर्षं सूर्याची थरथर मोजून त्यांनी अंदाज सांगितले होते. आज त्या निवृत्त होणार होत्या.

वेधशाळेनं त्यांना भेट दिली ती त्यांच्या जुन्या वैऱ्याची: यंत्रखोलीतल्या एसीचं बटण, चौकटीत बसवून. तो दर पन्नास मिनिटांनी चालू-बंद व्हायचा आणि दुर्बीण हलायची, म्हणून ती थरथर त्या रोज नोंदींतून पुसत. गेल्याच आठवड्यात तो भंगारात गेला होता.

"बाई, एसी गेला, पण थरथर आहेच की!" तंत्रज्ञ दिघे पडद्याकडे बघत म्हणाला.

वत्सलाबाई वाकल्या. "एसी बसवण्याआधीची नोंद काढ बरं. न पुसलेली."

तिथंही दर पन्नास मिनिटांनी तीच थरथर होती. म्हणजे ती एसीची नव्हतीच; इतकी संथ थरथर सूर्याच्या गाभ्यातूनच येत होती.

"म्हणजे मी सूर्यालाच पुसत बसले होते रे!" त्या हसू लागल्या.

"हार आणू ना, बाई?"

"हार राहू दे." त्यांनी खुर्ची ओढली, माइक चालू केला. "सकाळच्या बातमीपत्रात दुरुस्ती. सूर्याच्या पोटात शांतता नाही."