झापांच्या जागी

"पडवीला बांध ती," भिकाजी मास्तर म्हणाले. "यंदा झापं विणायला नकोत. एवढं कापड परत आलंय."

सावित्री पदराला हात पुसत अंगणात उभी होती. टेम्पोवाला चित्रांच्या गुंडाळ्या ओट्यावर टाकून नुकताच गेला होता. तिने गुंडाळ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

एवढंच. मास्तरांना वाटलं होतं, निदान 'अहो, भलतंच काय बोलता' एवढं तरी म्हणेल. बायको आहे, तोंडदेखलं का होईना, म्हणायला काय जात होतं? पण ती चुलीवरचं दूध बघायला आत निघूनही गेली.

मास्तर ओट्यावर बसले. शाळेत मुलांना त्यांनी उभा जन्म कमळ आणि गुलाब काढायला शिकवलं, पाकळीला पाकळी जुळवून. स्वतःची चित्रं मात्र वेगळी. मागच्या शेडमध्ये जांभ्याच्या फरशीवर कापड अंथरायचं, डब्यातला रंग ओतायचा, फेकायचा, झाडूने ओढायचा. फूल दिसायला नको, फूल बघताना आत जे होतं ते दिसायला हवं, असा त्यांचा हट्ट. लोकांना काही दिसत नसे. रत्नागिरीत प्रदर्शन लावलं तेव्हा माणसं मान तिरकी करून बघायची आणि शेवटी विचारायची, "मास्तर, पण हे आहे काय?" मुंबईची माणसं तेवढंही विचारत नव्हती. लेक शमिका फोनवर म्हणाली होती, "बाबा, खाली निदान फुलाचं नाव तरी लिहा." त्यांनी कापडाच्या पाठीवर नुसतं 'रचना' लिहिलं. आता सगळ्या रचना मुंबईहून न विकताच घरी परत आल्या होत्या. राग येण्याइतकंही त्राण अंगात उरलं नव्हतं. उरलेल्या रंगाचे डबे गावातल्या केरूला देऊन टाकायचे, तो होडी रंगवेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. ठरवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटलं नाही.

दुपारी केरू आलाच. दरवर्षी मे अखेरीस पडवी बंद करून द्यायचं काम त्याचं. समुद्राकडून आडवा पाऊस येतो, म्हणून उघड्या बाजूला माडाच्या झावळांची विणलेली झापं उभी बांधायची आणि मग चार महिने आत अंधारात बसायचं. केरूने एक चित्र उलगडलं, बोटाने चाचपलं आणि खूश झाला.

"मास्तर, लय भारी काम होईल. रंगाची बाजू भायेर ठेवूया. पानी निथळून जाईल, आत थेंब येनार नाय."

"ठेव," मास्तर म्हणाले. पाऊस चार महिन्यांत एवढं सगळं धुऊन नेईल, म्हणजे एकदाचं सुटलो. ते आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. बाहेर काथ्या ओढल्याचे, बांबू ठोकल्याचे आवाज येत होते. मधेच सावित्री केरूशी कशावरून तरी हुज्जत घालत होती. ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. मास्तर मागच्या दाराने बाहेर पडले आणि वळसा घालून अंगणात आले. पडवी जवळजवळ बंद झाली होती. पण रंग कुठेच नव्हता. समोर नुसती मळकट कापडाची पाठ, तिच्यावर त्यांच्याच हातचं 'रचना', 'रचना'. रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसू नयेत म्हणून हिने उलटी बांधली. लाज वाटली असणार.

"उलटी बांधलीस," ते पडवीत शिरत म्हणाले. "पाठीमागून पाणी मुरेल."

"केरू उद्या बाहेरून झापं लावतोय. मी त्याला विणायला सांगितलीत." सावित्री झोपाळ्यावर बसून अबोलीचा गजरा करत होती. "रंग बाहेर ठेवून फुलं काय पावसाला दाखवायची?"

मास्तरांनी वर पाहिलं. कापडामागून उन्हं येत होती आणि पडवीभर रंग उजळले होते. त्यांनी आपली चित्रं अशी एकत्र कधी पाहिली नव्हती.

"ती जास्वंद," सावित्री सुईनेच दाखवत म्हणाली. "तो सोनचाफा. ही अबोली, विहिरीकडची."

"तुला कसं कळलं?"

"आपल्या मागच्या परड्यातली फुलं ती. त्यात कळायचं काय?" तिने दोऱ्याला गाठ मारली. "इतकी वर्षं एक चित्र घरात लावलं नाहीत. वाळलं की गुंडाळलं, चाललं मुंबईला. आज पहिल्यांदा म्हणालात, बांध."

मास्तरांना तिच्याकडे बघवेना. ते चित्रांकडेच बघत राहिले. ओळीच्या मधोमध एक माणूसभर जागा उघडी होती आणि तिच्यातून थेट समुद्र दिसत होता.

"ही जागा का सोडलीस? सगळा पाऊस आत येईल."

"येईल तर. तिथे अनंत हवा. दाराशी एवढं झाड आहे, त्याचं चित्र कधी काढलं नाहीत."

"पांढरं फूल. त्याला फेकायला रंग कुठला आणू?"

"ते मला काय ठाऊक? केरू विचारत होता, मधे झाप लावू काय. म्हटलं, नको. मास्तरांचं ते चित्र चालू आहे."